वनस्पतींच्या रोगजंतूंचा तपासनीस : अर्विन स्मिथ

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने एका वनस्पतिशास्त्रज्ञाचे चरित्र लिहावे हे आमच्या विज्ञान शाखेच्या मित्रांना थोडे चमत्कारिक वाटेल. पण ज्या माणसाविषयी मी लिहिणार आहे त्याचा सारा जन्म पुरावे जमविण्यात, ते पुन्हा पुन्हा तपासण्यात आणि एक नोंद दुसऱ्या नोंदीशी जुळते की नाही हे पाहण्यात गेला. हिशेबतपासणीची विद्या शिकणाऱ्याला अशा माणसाविषयी आपुलकी वाटली तर त्यात नवल नाही.

अर्विन फ्रिंक स्मिथ हे नाव मला प्रथम भेटले ते बालाघाट जिल्ह्यात. गोंदियाच्या उत्तरेला, वैनगंगेच्या काठचा हा मध्य प्रदेशातील जिल्हा. १९५६ साली राज्यांची फेररचना होईपर्यंत या भागाची राजधानी नागपूर होती. त्यामुळे तिकडे मराठी बोलणारी घरे अजून बरीच आहेत. माझी मावशी वारासिवनी तालुक्यात दिलेली आहे आणि माझा मावसभाऊ शेतकीच्या पदवीचा अभ्यास करतो. त्याची पुस्तके चाळताना माझ्या ध्यानात आले की प्रत्येक रोगजंतूच्या लॅटिन नावापुढे तो जंतू ज्याने प्रथम ओळखला त्याचे नाव आणि साल कंसात छापलेले असते. काकडीच्या मर रोगाच्या जंतूपुढे स्मिथ, १८९५. टोमॅटो, वांगी, बटाटा यांच्या मर रोगाच्या जंतूपुढे स्मिथ, १८९६. मक्याच्या एका जंतूपुढे स्मिथ, १८९८. कपाशीच्या करप्याच्या जंतूपुढे स्मिथ, १९०१. मुळांवर गाठी आणणाऱ्या जंतूपुढे स्मिथ आणि टाउनसेंड, १९०७. एखाद्या पेढीच्या साऱ्या व्हाउचरांवर एकाच कारकुनाची सही सापडावी, तसा हा प्रकार. हा सही करणारा होता तरी कोण, हे पाहावेसे वाटले आणि त्यातून हा लेख झाला.

स्मिथचा जन्म २१ जानेवारी १८५४ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात गिल्बर्ट मिल्स नावाच्या लहानशा गावी झाला. घरची स्थिती बेताची. तो सोळा वर्षांचा असताना कुटुंब मिशिगन राज्यातील हबर्डस्टन गावी शेती करण्यासाठी गेले आणि मुलाचे शिक्षण शेतकामात बुडाले. मॅट्रिकच्या तोलाची शाळेची परीक्षा पार पडली तेव्हा त्याचे वय सव्वीस होते! आपल्याकडे विशी उलटून गेलेला मुलगा दहावीच्या वर्गात बसला तर मुले हसतात. तिथेही हसली असतील. पण मधली वर्षे फुकट गेली नव्हती. हबर्डस्टनमध्ये चार्ल्स व्हीलर नावाचा गृहस्थ औषधांचे दुकान चालवी. त्याला रानोमाळ हिंडून झाडपाला गोळा करण्याचा नाद होता. त्याच्या नादाने स्मिथ वनस्पती ओळखायला शिकला. परक्या भाषा त्याने बव्हंशी स्वतःच्या बळावर आत्मसात केल्या. १८८१ साली या दोघांनी मिशिगनमधील वनस्पतींची सूची प्रसिद्ध केली. म्हणजे शाळा संपून एक वर्ष होते न होते तोच हा विद्यार्थी ग्रंथकार झाला होता.

पोटासाठी त्याने काही काळ आयोनिया येथील तुरुंगात पहारेकऱ्याची नोकरी केली. पुढे मिशिगनच्या आरोग्य मंडळाच्या कचेरीत तो कामाला लागला. ही नोकरी त्याच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. सांडपाणी, विषमज्वर, पिण्याचे पाणी यांविषयीचे कागद त्याच्या टेबलावरून जात. तो काळ जंतुशास्त्राच्या नवलाईचा होता. पाश्चरची कीर्ती सर्वत्र झाली होती आणि १८८२ साली रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू शोधून काढला होता. फ्रेंच आणि जर्मन वाचता येत असल्यामुळे स्मिथला हे सारे मुळातून समजत होते. नोकरी करीत त्याने अभ्यास केला, परीक्षा देऊन विद्यापीठातील पुष्कळसा अभ्यासक्रम सोडवून घेतला आणि १८८६ साली बत्तिसाव्या वर्षी तो मिशिगन विद्यापीठाचा पदवीधर झाला. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या शेतकी खात्यात त्याला जागा मिळाली. ती त्याने मरेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, सोडली नाही.

आता त्या वेळची शास्त्राची स्थिती सांगितली पाहिजे, नाहीतर स्मिथचे मोठेपण कळणार नाही. झाडांना रोग होतात ते बुरशीमुळे, हे एव्हाना मान्य झाले होते. आयर्लंडातील बटाट्याचा दुष्काळ ज्या करप्याने आणला तो बुरशीसारख्या जिवाचा, हे सिद्ध झाले होते. पण माणसाला आणि गुराढोरांना पछाडणारे जीवाणू झाडांनाही पछाडतात, हे म्हणणे युरोपातील बड्या पंडितांना रुचत नव्हते. वनस्पतीचा रस आंबट, तिच्या पेशींच्या भिंती जाड, आणि जीवाणूंना तर बुरशीसारखा भिंत भोसकणारा तंतू नाही; मग ते आत शिरणार कसे, असा त्यांचा युक्तिवाद. वरवर पाहता तो पटण्यासारखा आहे. अमेरिकेत इलिनॉय येथील थॉमस बरिल याने १८७८ च्या सुमारास नासपतीच्या फांद्या आगीने होरपळल्यासारख्या काळ्या पाडणारा रोग जीवाणूंमुळे होतो असे सांगितले होते, हॉलंडमध्ये वाकर याने हायसिंथच्या कंदाविषयी तेच दाखविले होते. परंतु अशी उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि अमेरिकेतील संशोधन म्हणजे जर्मनीत कोणी लक्ष देण्याजोगी गोष्ट नव्हे.

स्मिथच्या वाट्याला आलेले पहिले काम मात्र अगदीच अपयशाचे निघाले. पूर्वेकडील राज्यांत पीच फळांच्या बागा पिवळ्या पडून मरत होत्या. फळे अवेळी लाल होत, खोडावर बारीक फांद्यांचे झुपके फुटत आणि चारदोन वर्षांत झाड संपे. बागा तोडून टाकण्यापलीकडे शेतकऱ्याला उपाय नव्हता. स्मिथने वर्षानुवर्षे बागा पालथ्या घातल्या. माती तपासली, खते तपासली, पाऊसपाण्याच्या नोंदी पाहिल्या. रोगट झाडाचा डोळा निरोगी झाडावर बांधला की रोग जातो, हे त्याने निर्विवाद दाखविले. म्हणजे रोग संसर्गजन्य खरा. पण जंतू? तो कोणत्याही सूक्ष्मदर्शकात दिसेना, कोणत्याही बशीत वाढेना. मला स्मिथविषयी आदर वाटू लागला तो येथे. सरकारी नोकर होता, वरिष्ठांना उत्तर हवे होते. एखादा सापडलेला जंतू आरोपी म्हणून उभा करणे अवघड नव्हते. त्याने तसे केले नाही. जेवढे सिद्ध झाले तेवढेच छापले आणि कारणाचा रकाना कोरा ठेवला.

१८९३ च्या आसपास तो काकडी आणि खरबुजाच्या वेलांकडे वळला आणि तेथे त्याला यश आले. भर दुपारी नव्हे तर सकाळीसुद्धा वेलाचे एखादे पान कोमेजलेले दिसे, मग शेजारचे, मग सारा वेल मान टाकी. मुळाशी पाणी असून उपयोग नाही. असा वेल कापून दोन तुकड्यांची तोंडे एकमेकांना टेकवून हळूच दूर केली तर मधाच्या तारेसारखी चिकट तार निघते. ती तार म्हणजे कोट्यवधी जीवाणू. वेलाच्या ज्या नळ्यांतून पाणी वर चढते त्याच नळ्या त्यांनी तुंबविलेल्या असतात. स्मिथने ते जीवाणू वेगळे काढले, उकडलेल्या बटाट्याच्या फोडींवर आणि खळीवर शुद्ध वाढविले, निरोगी वेलाला सुईने टोचले. वेल तसाच मेला. त्यातून तोच जंतू पुन्हा काढला. कॉखच्या पद्धतीची ही चार पावले. एकही गाळायचे नाही, असा त्याचा दंडक. पट्टे असलेले भुंगेरे एका वेलाचे पान खाऊन दुसऱ्यावर बसतात आणि रोग सोबत नेतात, हेही त्याच्या प्रयोगांत दिसून आले.

त्यानंतर १८९६ साली टोमॅटो, वांगी आणि बटाटा यांचा मर रोग आला. या रोगाचा आपल्या मुलखाशी जुना संबंध आहे. स्मिथने हा जंतू वॉशिंग्टनमध्ये ओळखला त्याच्या चार वर्षे आधी, १८९२ साली, पुणे जिल्ह्यातील बटाट्याच्या अशाच रोगावर कॅपेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने टिपण लिहिले होते. आपल्या शेतकऱ्यांनी त्याला आधीच नाव दिले होते, बांगडी. रोगट बटाटा आडवा कापला की सालीच्या आत तपकिरी रंगाचे वर्तुळ दिसते, अगदी हातातल्या बांगडीसारखे, आणि दाबले तर त्या वर्तुळातून मळकट पांढरा थेंब बाहेर येतो. कारण ठाऊक नसताना केवळ लक्षण पाहून इतके नेमके नाव देणाऱ्या माणसांना शाळा मिळाली असती तर काय झाले असते, असा विचार मनात येऊन जातो. म्हैसूर संस्थानातही हा रोग होता. तेथे शेतकी खात्यात आलेले डॉ. लेस्ली कोलमन, ज्यांचे नाव आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना परके नाही, यांनी १९०९ साली त्यावर स्वतंत्र पुस्तिका काढली.

कन्नडचा विषय निघालाच आहे म्हणून एक गंमत सांगतो. कन्नडमध्ये जीवाणूला दुंडाणू म्हणतात. दुंडु म्हणजे गोल. विजापूर-बागलकोटकडे डाळिंबावर जो रोग येतो त्याला तिकडे दुंडाणू अंगमारी म्हणतात; सोलापूरकडे त्यालाच तेल्या म्हणतात, कारण पानाफळांवरचे डाग प्रथम तेल सांडल्यासारखे दिसतात आणि मग फळ इंग्रजी एल किंवा वाय अक्षराप्रमाणे तडकते. शब्द दोन्ही छान आहेत. पण वनस्पतींना रोग आणणारे जीवाणू जवळजवळ सगळे काडीसारखे लांबट असतात, गोल नव्हेत! मराठी शेतकऱ्याने डाग पाहून नाव ठेवले, कन्नड पंडिताने जंतू पाहून ठेवले. या एका बाबतीत मी शेतकऱ्याच्या बाजूने.

१८९७ साली लाइपझिगच्या आल्फ्रेड फिशर या नामांकित जर्मन शास्त्रज्ञाने जीवाणूंवरील आपली व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. अखंड वनस्पतीच्या पेशींत जीवाणू शिरूच शकत नाहीत, जे कोणी पाहिले म्हणतात ते मेलेल्या भागावर मागाहून जमलेले भोजनभाऊ होत, असा निकाल त्याने देऊन टाकला. अमेरिकेतील कामाची त्याने फारशी दखल घेतली नव्हती. फिशर हा काही कोणी सामान्य माणूस नव्हता. त्याचे म्हणणे टिकले असते तर स्मिथची सात-आठ वर्षांची मेहनत तर गेली असतीच, पण कोबी-बटाट्याचे बियाणे तपासा, रोगट झाडे उपटा, किडींवर लक्ष ठेवा, असा जो सल्ला त्याच्या खात्यातून शेतकऱ्यांना दिला जात होता तोही निराधार ठरला असता.

स्मिथने १८९९ साली जर्मनीतल्याच एका प्रतिष्ठित जंतुशास्त्रविषयक नियतकालिकातून उत्तर दिले. फिशरने प्रत्युत्तर दिले, स्मिथने पुन्हा लिहिले. १९०१ पर्यंत हा सामना चालला. स्मिथची भाषा तिखट होती असे म्हणतात, पण वाद जिंकला तो तिखटपणाने नव्हे. रोगट देठाचे कागदासारखे पातळ काप रंगवून त्यांची चित्रे त्याने छापली. पाण्याच्या नळ्या जीवाणूंनी ठासून भरलेल्या आणि भोवतालच्या पेशी अजून जिवंत, हे कोणालाही डोळ्यांनी पाहता येत होते. मेलेल्या भागावर मागाहून आलेला पाहुणा जिवंत भागात आधी कसा पोहोचेल? कोबीच्या काळ्या कुजीच्या बाबतीत तर त्याने प्रवेशाचे दारही दाखविले. कोबीच्या पानाच्या कडेला पाणी बाहेर टाकणारी सूक्ष्म छिद्रे असतात. पहाटे त्यांवर थेंब लोंबतात. जीवाणू त्या थेंबातून आत जातात, म्हणून पानाच्या कडेपासून आत निमुळता होत जाणारा पिवळा त्रिकोण पडतो आणि त्यातल्या शिरा काळ्या होतात. भिंत भोसकण्याची गरजच नाही. दार उघडे असते. हा वाद संपल्यावर तो प्रश्न युरोपात पुन्हा कोणी गंभीरपणे उपस्थित केला नाही.

हे पानाच्या कडेचे दार मी स्वतः पाहिले आहे, कोबीवर नव्हे, धानावर. बालाघाट हा धानाचा जिल्हा. तिथल्या सुवासिक चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत मी मावशीकडे गेलो होतो तेव्हा काकांच्या तीन बांध्यांत धानाची पाने शेंड्याकडून कडेकडेने पिवळी पडत होती. पिवळ्या पट्ट्याची आतली बाजू सरळ नव्हती, नागमोडी होती. पुढे ती पाने वाळून गवताच्या रंगाची होत. काकांनी बाजारातील एका दुकानदाराला पान दाखविले. त्याने करपा आहे म्हणून बुरशीनाशकाचे डबे दिले. एक फवारणी झाली, रोग थांबला नाही. दुकानदार दुसरी, अधिक महाग फवारणी घ्या म्हणाला. सोसायटीचे कर्ज डोक्यावर असताना हा खर्च करावा की नाही, यावर घरात बोलाचाली चालली होती. मावशी गप्प होती, आणि काका तिच्याकडे न पाहता बोलत होते.

मावसभावाने एक साधी गोष्ट केली. पिवळ्या आणि हिरव्या भागाच्या सीमेवर पानाचा तुकडा कापला आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन त्यात टोक बुडवून धरला. पाच-सात मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धूर खाली उतरू लागला. बुरशीच्या रोगात असे होत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे बांधीत गेलो तर पानांच्या कडांवर बारीक पिवळट मणी दिसले. उन्हाने वाळल्यावर ते राळेच्या कणांसारखे झाले. कडा करपा! हा जीवाणूंचा रोग आहे. रोवणीच्या वेळी लांब पऱ्ह्यांचे शेंडे खुडण्याची जी रीत आहे, त्या जखमांतून आणि पानाच्या कडेच्या छिद्रांतून तो शिरतो. वाऱ्यापावसाने आणि बांधीतून बांधीत जाणाऱ्या पाण्याबरोबर पसरतो. युरिया जास्त झाला की चेकाळतो. फार लवकर आला तर रोपेच्या रोपे कोमेजतात आणि खोडकिडा आहे असा भास होतो. बुरशीनाशकाचा येथे उपयोग नाही. काकांनी दुसरी फवारणी घेतली नाही, युरियाचा राहिलेला हप्ता दिला नाही, आणि बांधीतले पाणी काढून टाकले, पण ते खालच्या शेजाऱ्याच्या बांधीत न सोडता नाल्याला वळविले. तीनपैकी एका बांधीत निम्मे पीकही हाती आले नाही. बाकीच्या दोन बऱ्यापैकी निभावल्या. औषधाचे पैसे वाचले तेवढाच त्या वर्षीचा नफा. हे मी ताळेबंद मांडून पाहिले आहे.

कडा करप्याच्या जंतूपुढे मात्र स्मिथचे नाव नाही. जपानमधील फुकुओकाकडील शेतकऱ्यांना हा रोग १८८४ पासून ठाऊक होता आणि इशियामा याने १९२२ साली जंतूला नाव दिले. भारतात तो प्रथम मुंबई राज्यातील कुलाबा जिल्ह्यात १९५१ साली दिसला. त्याचे शास्त्रीय वर्णन श्रीनिवासन, तिरुमलाचार आणि एम. के. पटेल यांनी १९५९ साली केले. १९६३ मध्ये बिहारात त्याची मोठी साथ आली. बुटक्या, खताला मानणाऱ्या नव्या वाणांचा प्रसार झाला तसा तो देशभर पसरला. नाव स्मिथचे नसले तरी वेगळा काढा, शुद्ध वाढवा, टोचा, पुन्हा काढा, ही पद्धत त्यानेच या क्षेत्रात घालून दिलेली.

१९०५ पासून १९१४ पर्यंत स्मिथने वनस्पतींच्या जंतुरोगांवर तीन जाडजूड खंड लिहिले. १९२० साली विद्यार्थ्यांसाठी एक पाठ्यपुस्तक लिहिले. या ग्रंथांतील एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्याच्या प्रयोगशाळेत स्त्रियांना नुसते बाटल्या धुण्याचे काम नव्हते. नेली ब्राउन, फ्लॉरेन्स हेजेस, ल्युसिया मॅककलक, ॲग्नेस क्वर्क, मेरी ब्रायन, शार्लट एलियट अशा वीसहून अधिक स्त्रिया त्याच्या हाताखाली संशोधक म्हणून तयार झाल्या आणि स्वतःच्या नावाने लेख लिहू लागल्या. लिंबाच्या पानाफळांवर खडबडीत तपकिरी खवले आणणारा कँकर, ज्याला आपण खैऱ्या म्हणतो, त्याचा जंतू १९१५ साली त्याच खात्यातील क्लारा हासे या बाईने ओळखला. आज आपल्या महाविद्यालयातील विज्ञानाच्या वर्गात मुली जास्त असतात; १९०० साली ही गोष्ट किती दुर्मिळ असेल!

घरी स्मिथ एकाकी होता. १८९३ साली त्याचे शार्लट मे बफेट हिच्याशी लग्न झाले. दोघांना वाचनाची आवड, मूल नव्हते. १९०६ च्या डिसेंबरात दीर्घ आजारानंतर हृदयविकाराने ती गेली. १९१५ साली तिच्या आठवणींचे एक पुस्तक त्याने खाजगी रीतीने छापून मित्रांना वाटले. त्याच्या आधीच्या वर्षी त्याने रूथ वॉरन हिच्याशी पुन्हा लग्न केले होते. या गोष्टींवर अधिक लिहिण्याचा मला अधिकार नाही.

पत्नीच्या आजाराच्या आणि मृत्यूच्या त्याच काळात त्याच्या हातून सर्वांत गाजलेले काम होत होते. शेवंतीसारख्या डेझीच्या झाडांवर आलेल्या गाठी १९०४ च्या सुमारास प्रयोगशाळेत आल्या होत्या. जमिनीलगत खोडावर किंवा मुळांवर अशी ओबडधोबड गाठ येते. द्राक्ष, गुलाब, सफरचंद, पीच कशावरही. झाड लगेच मरत नाही, खुरटते. कोमेजणे नाही, डाग नाही, कुजणे नाही. उलट वाढच वाढ. गाठीत जीवाणू इतके थोडे की शोधता शोधता पुरेवाट व्हावी. तीन वर्षांच्या खटपटीनंतर १९०७ साली स्मिथ आणि टाउनसेंड यांनी जंतू पकडून दाखविला. सुईने टोचले की गाठ, न टोचता नुसते ओरखडले की काही नाही.

मग स्मिथने या गाठीत माणसाचा कर्करोग पाहिला. पेशी ताबा सोडून वाढतात, मूळ गाठीपासून दूर दुसरी गाठ उठते. साम्य त्याला जबरदस्त वाटले. डॉक्टर मंडळींनी १९१३ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनकडून त्याचा सन्मान केला. त्याच वर्षी तो राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडला गेला. परंतु माणसाच्या कर्करोगालाही असाच एखादा जंतू असेल ही त्याची अटकळ सामान्य नियम म्हणून टिकली नाही. आयुष्याची शेवटची वीस वर्षे त्याने या एका गाठीत घातली. मला वाटते, फिशरशी भांडताना जो माणूस पुराव्याच्या पुढे एक पाऊल टाकीत नव्हता, तो येथे थोडा पुढे गेला. पत्नीला रोगाने हिरावून नेल्यावर माणसांच्या रोगाकडे मन ओढ घेणे स्वाभाविकही असेल.

६ एप्रिल १९२७ रोजी वॉशिंग्टन येथे त्याचे निधन झाले. त्याच्या हयातीतच, १९१७ साली, जीवाणूंच्या एका कुळाला अर्विनिया हे नाव देऊन त्याच्या सहकारी शास्त्रज्ञांनी त्याचा गौरव केला होता. बटाटे, कांदे, कोबी यांची दुर्गंधी सुटणारी ओली सड आणणारे जंतू बरीच वर्षे याच कुळात मोडत. आज त्यांतले पुष्कळ दुसऱ्या कुळांत गेले आहेत. काकडीचा त्याचा जुना जंतू आणि नासपती होरपळविणारा बरिलचा जंतू मात्र अजून अर्विनियाच आहेत.

गाठीचे कोडे त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी उलगडले. १९७४ साली बेल्जियममधील संशोधकांना त्या जंतूत गाठ आणणारे एक वेगळे गुणसूत्रासारखे कडे सापडले आणि १९७७ मध्ये अमेरिकेत मेरी-डेल चिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की जंतू त्या कड्याचा एक तुकडा झाडाच्या पेशीत नेऊन बसवितो. मग माणसांनी त्या तुकड्यातील गाठीचा भाग काढून आपल्याला हवा तो गुण घातला. २००२ साली भारतात परवानगी मिळालेले बोंडअळीला विषारी असे बीटी कपाशीचे वाण याच जंतूच्या मदतीने तयार झाले. विदर्भात आज जो शेतकरी ते बियाणे पेरतो, त्याच्या शेतात स्मिथच्या जंतूने केलेले काम उभे असते. त्या कपाशीच्या पानांवर शिरांच्या मध्ये अडकलेले कोनदार काळे डाग आणि काळ्या पडलेल्या फांद्या दिसल्या तर तोही स्मिथचाच, १९०१ सालचा जंतू. बीटी गुणाचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही.

राहता राहिला पीचच्या पिवळेपणाचा कोरा रकाना. १९३० नंतरच्या दशकात कळले की तुडतुड्यासारखी एक कीड तो पसरविते. पुढे बरेच दिवस तो विषाणूंचा रोग मानला गेला. १९६७ साली जपानमधील संशोधकांना तुतीच्या खुरटलेल्या झाडांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली भित्तिकाच नसलेले, नेहमीच्या बशीत न वाढणारे जीवाणू दिसले. पीचचा रोगही त्याच जातीचा निघाला. तिळाच्या शेतात फुलांच्या जागी हिरव्या पानांचे झुपके येतात, वांग्याची पाने नखाएवढी होऊन झाड झुडपासारखे दिसते; आपण ज्याला पर्णगुच्छ म्हणतो तो हाच. स्मिथ ज्याला सहा-सात वर्षे शोधत होता तो जीवाणूच होता. फक्त उकडलेल्या बटाट्याच्या फोडीवर तो कधीच वाढला नसता.